पाळीवरचं घर

१

आरोग्य केंद्रातली ड्युटी आटोपून हर्षा रामटेके साडेपाचला घरी पोचायची. स्कूटी आवारात लावायची, चपला दाराशी काढायच्या, डबा मोरीत ठेवायचा आणि तशीच मागच्या खोलीत जाऊन सासूच्या खाटेच्या कडेला पाच मिनिटं टेकायचं, हा तिचा नेम झाला होता. मागच्या खोलीच्या दारातून तलाव दिसायचा. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध, घराला अगदी लागून होती. चैत्रात पाणी बरंच आत गेलं होतं, तरी त्यावरून येणारा वारा गार असायचा. सासू विचारायची, "आली का वो?" हर्षा म्हणायची, "आली, आई." एवढंच बोलणं. पण स्वतःच्या घरात बसून बोललेलं.

गाव मूल शहरापासून सात-आठ किलोमीटरवर. घर घेऊन दोन महिने झाले होते. त्याआधी हर्षा, तिचा नवरा राजदीप आणि सासू इंदुताई गडचिरोलीत भाड्याच्या खोल्यांमधून फिरत होते. राजदीप एसटीत ड्रायव्हर. एटापल्लीची मुक्कामी गाडी त्याच्याकडे, त्यामुळे एक दिवस घरी, एक दिवस बाहेर. खोली पाहायला गेलं की मालक आधी आडनाव विचारायचा आणि मग त्याला आठवायचं की खोली कालच दिली. जिथे मिळाली तिथे भिंतीला खिळा ठोकायची बंदी. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर इंदुताईंनी चाळीस वर्षं पेटीवर टेकवून ठेवली होती. या घरात आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते खिळा ठोकायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूस सावलीसारखं दिसायचं, तरी हातोडी दुसऱ्याला दिली नाही.

त्या मंगळवारी लसीकरण होतं. हर्षा नेहमीपेक्षा जास्त थकून आली. डबा ठेवायला मोरीत गेली तर तिथे दोन कप उपडे घातलेले.

इंदुताई तीनला स्वतःपुरता चहा करून घ्यायच्या. एक कप. राजदीप आज सकाळीच एटापल्लीला गेलेला.

"कोण आलं होतं, आई?"

"ते मागची बाई आली होती."

"मागची कोणती?"

"मागूनच आली, पाळीकडून. म्हटलं बस, चहा घे. बसली." इंदुताई खुशीत होत्या. "गरीब हाय बिचारी. खुर्चीवर बस म्हटलं तं नाई. खालीच बसली."

मागे तलाव होता. तलावापलीकडे धानाच्या मोकळ्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि त्यापुढे जंगल. पाळीवर दुसरं घर नव्हतं.

हर्षाने मनाशी हिशोब लावला. शेळ्या चारणारी कोणी असेल. मोहफुलं वेचून परतणारी असेल, तहान लागली असेल. तिने कप फळीवर ठेवले. दुसऱ्या कपाच्या कडेला ओठांचा डाग तसाच होता. इंदुताईंना दिसला नसेल. हर्षाने तो कप पुन्हा घासला.

२

घर देवाजी नावाच्या माणसाने बांधलेलं. तो वारून बरीच वर्षं झाली. मागे राहिली होती त्याची बायको गिरजाबाई आणि नागपूरला नोकरी करणारा मुलगा धनराज. धनराज आईला नागपूरला नेणार होता, म्हणून घर विकायला काढलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हातारी एकटी पडते, पावसाळ्यात पाळीवर साप निघतात, हे त्याचं म्हणणं खरंच होतं.

हर्षा आणि राजदीप दुसऱ्यांदा घर पाहायला आले तेव्हा पुरुष मंडळी समोर टेप धरून आवार मोजत होती. हर्षा एकटीच मागच्या खोलीत गेली. गिरजाबाई जमिनीवर बसली होती, ओठ पानाने रंगलेले. तिने हर्षाचं मनगट धरलं. हात लाकडासारखा कोरडा होता, पण पकड घट्ट होती.

"बाई, मले नाई विकाचं."

हर्षा म्हणाली, "मुलाला सांगा ना, आजी."

"त्याले नाई सांगू शकत मी. त्याच्या घरी भांडन होते. तू सांग. तू म्हण, मले घर पसंत नाई. तुले दुसरं भेटन. म्हणशीन ना?"

बाहेरून राजदीपची हाक आली. "हर्षा, इकडे ये, पाह्य किती मोठं आवार हाय!" त्याच्या आवाजात असा आनंद तिने लग्नानंतर ऐकला नव्हता.

गिरजाबाई अजून वर बघत होती. हर्षाने मान हलवली. हो म्हणून.

बाहेर आल्यावर राजदीपने विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "चांगलं आहे."

इतकंच घडलं होतं. त्यानंतर आठ दिवस तिने स्वतःला बजावलं की म्हाताऱ्या माणसांना घर सोडताना असंच होतं. आज नाही तर उद्या धनराज कोणाला तरी विकणारच. आपण नाही म्हटलं तर दुसरा कोणी घेईल, आणि आपण पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहून आडनाव सांगू.

रजिस्ट्रीच्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत मशीनने गिरजाबाईचा अंगठा घेतला नाही. आयुष्यभर धानाची रोवणी करून बोटांवरच्या रेघाच पुसल्या होत्या. कारकून बिचारा तीन-तीनदा म्हणाला, "आजी, पुसून ठेवा. दाबून ठेवा." मग त्याने नियमाप्रमाणे विचारलं, "राजीखुशीनं विकता ना, आजी?" गिरजाबाईने कारकुनाकडे पाहिलं नाही, मुलाकडेही पाहिलं नाही. तिने हर्षाकडे पाहिलं. अजून वेळ गेलेली नव्हती. हर्षाने एक शब्द काढला असता तरी पुरे होतं.

हर्षा पुढे झाली. नर्सच ती. रोज शंभर हात हातात घेणारी. तिने म्हातारीचा अंगठा आपल्या ओढणीने पुसला, त्यावर फुंकर घातली आणि काचेवर ठेवून वरून हलकेच दाबून धरला. मशीनचा हिरवा दिवा लागला.

"झालं," कारकून म्हणाला. "सिस्टरचा हात लागला न् झालं."

सगळे हसले. हर्षाही हसली. ते हसू तिला पुढे कितीतरी दिवस तोंडावर चिकटल्यासारखं वाटत राहिलं.

३

मागची बाई येत राहिली. रोज नाही. राजदीप बाहेरगावी असेल त्या दुपारी. हर्षाने घरी आल्यावर मोरीकडे बघायचं नाही असं ठरवलं तरी नजर आधी तिकडेच जायची.

शेजार म्हणावा असा एकच, रस्त्यापलीकडे पुनमचा. पुनम शिवणकाम करायची आणि दिवसभर दारातच मशीन टाकून बसलेली असायची. हर्षाने तिला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दुपारच्याले? एवढ्या उन्हात?" पुनम म्हणाली. "कोणी नाई निंगत, ताई. मी तं इथीच राह्यतो. तुमच्या घरी कोणी गेलेलं नाई पाह्यलं मी."

"पाळीकडून येते म्हणतात आई."

"पाळीवर तं मालं कुत्रं झोपते. कोणी आलं का जीव खाते भुकून." पुनमने दोरा तोडला. "नाई भुकलं बाप्पा एवढ्यात."

हर्षाने विषय सोडला. म्हाताऱ्या माणसाला दिवसभर एकटं राहून असं होतं, हे तिने केंद्रात कितीदा पाहिलं होतं. दिसत नाही, बोलायला कोणी नाही, मग मन सोबत तयार करतं. दोन कपांत चहाही ओततं. हे पटण्यासारखं होतं. फक्त त्या ओठांच्या डागाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. इंदुताई पान खात नसत. डाग पानाचा होता.

एका संध्याकाळी राजदीप घरी होता. तिघं जेवायला बसली होती. इंदुताई भात कालवता कालवता म्हणाल्या, "ते मागची बाई काय म्हणे, मालूम हाय? म्हणे, मी हे घर विकलंच नाई."

हर्षाचा हात ताटावर थांबला.

"कोण बाई?" राजदीपने विचारलं.

"आईंना भास होतात," हर्षा पटकन म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला केंद्रातल्यासारखा लागला, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना लागतो तसा. "मी सांगणारच होते तुम्हाला. दुपारी कोणी येतं म्हणतात. एकट्या पडतात ना. डॉक्टरांना दाखवू."

राजदीपने आईकडे पाहिलं. इंदुताईंनी मान खाली घातली आणि मुकाट्याने जेवल्या. आपल्याला वेडं ठरवलं गेलं हे कळण्याइतक्या त्या शहाण्या होत्या.

दुसऱ्या दिवशी केंद्रातून हर्षाने धनराजला फोन केला. घराच्या पावतीचं काहीतरी निमित्त काढलं आणि शेवटी विचारलं, "आई कशा आहेत?"

"बरी हाय, मॅडम. गॅलरीत बसून राह्यते. तब्येतीले काई नाई." मग म्हणाला, "दुपारी मातर थोडं वेगळंच होते. डोळे उघडे राह्यते, पण आवाज देल्ला तं ओ नाई देत. दोन-तीन तास. मग आपोआप बरी होते. डॉक्टर म्हणे वयाचं हाय."

"हो," हर्षा म्हणाली. "वयाचंच असतं."

फोन ठेवल्यावर तिने लसीकरणाच्या वहीत एकाच बाळाचं नाव दोनदा लिहिलं.

४

डॉक्टरांनी इंदुताईंना तपासलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. रात्री अर्धी, असं स्पष्ट सांगितलं. राजदीपसमोर सांगितलं. हर्षा पाकीट घेऊन घरी आली, आणि दुसऱ्या सकाळी ड्युटीला निघताना तिने सासूच्या ब्लडप्रेशरच्या गोळीशेजारी एक अख्खी गोळी काढून ठेवली.

"आई, ही जेवण झाल्यावर घ्या. दुपारी."

"कायची हाय?"

"ताकदीची."

मग तिने मागच्या दाराला आतून कडी घातली आणि कडीला कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली.

हे आपण काय करतोय ते तिला ठाऊक होतं. म्हातारीच्या तोंडून पुन्हा ते वाक्य निघू नये, राजदीपने ते पुन्हा ऐकू नये, यासाठी तिने डोळ्यांनी अधू अशा माणसाला दुपारभर निजवायला सुरुवात केली होती. केंद्रात दुसऱ्या कोणी सुनेने असं केलं असतं तर हर्षाने तिला चारचौघांत झाडलं असतं. पण स्कूटी चालू केली की वारा कानात शिरायचा आणि विचार मागे राहायचा.

मोरीतले दोन कप बंद झाले. एकही कप नसायचा. साडेपाचला ती यायची तेव्हा इंदुताई खाटेवर तोंड उघडं टाकून पडलेल्या असायच्या. "आली का वो?" कोणी विचारत नसे. हर्षा त्यांना उठवायची, चहा पाजायची. त्या भिंतीकडे बघत प्यायच्या. दोन आठवड्यांत त्यांचं बोलणं जवळजवळ संपलं. तसबिरीपुढे उदबत्ती लावायलाही त्या उठेनाशा झाल्या.

"माय एकदम गप्प झाली," राजदीप म्हणाला.

"उन्हाळा आहे," हर्षा म्हणाली.

मग एका संध्याकाळी तिने सासूला उठवायला खांद्याखाली हात घातला आणि तिच्या बोटांना तेल लागलं.

इंदुताईंचे केस विंचरलेले होते. नुसते विंचरलेले नव्हते, चोपून तेल लावून, मधोमध भांग पाडून घट्ट वेणी घातलेली होती. सकाळी हर्षा गेली तेव्हा केसांचा नुसता बोचका होता. राजदीप बाहेरगावी. पुढच्या दाराला हर्षाने स्वतः बाहेरून कडी लावलेली, ती आता आल्यावर काढली होती. मागचं कुलूप तसंच.

अंगावर पातळ चादर होती. पायांकडून नीट खोचलेली.

"आई, वेणी कोणी घातली?"

इंदुताईंनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती. त्या काही तरी म्हणाल्या ते हर्षाला एवढंच कळलं, "...तिले सांग, हात दुखन तिचा."

हर्षा पुनमकडे धावत गेली. पुनम म्हणाली, "मी कशी येऊ, ताई? तुमीच तं कडी लावून जाता. मले वाटलं, माणूस हाय अंदर तरी कडी लावते, काऊन लावत असन." आणि तिने हर्षाकडे असं एकदा पाहिलं की हर्षाला तिथे उभं राहवेना.

५

पुढच्या गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. केंद्रात सांगितलं डोकं दुखतंय. दोनच्या सुमाराला घराच्या अलीकडे, पिंपळाखाली तिने स्कूटी बंद केली आणि पायी निघाली. ऊन असं की पाळीवरची माती पांढरी दिसत होती. पुनमचं कुत्रं सावलीत पसरलं होतं. त्याने एक डोळा उघडून हर्षाला पाहिलं आणि मिटला.

तिने पुढची कडी आवाज न करता काढली. समोरची खोली थंड आणि अंधारी होती. वीज गेलेली, पंखा बंद. मागच्या खोलीचं दार लोटलेलं.

आतून आवाज येत होता. हलका, एका लयीत. फट्, फट्, फट्. मध्येच थांबायचा, जसा हात बदलताना थांबतो, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

बांबूचा विंझणा, हर्षाच्या मनात आलं. कोणी तरी वारा घालतंय. आमच्याकडे विंझणा नाही.

तिने मनाला समजावलं की आई जाग्या असतील. पुठ्ठ्याने वारा घेत असतील. आज गोळी घेतली नसेल. हे म्हणत असतानाच तिला खाटेवरून इंदुताईंचं घोरणं ऐकू आलं, जड, संथ, गोळीचं.

तिने दार बोटभर ढकललं.

फटीतून खाटेचा अर्धा भाग दिसला आणि इंदुताईंची घातलेली वेणी. खाटेच्या अलीकडे जमिनीवर कोणी तरी बसलं होतं, दाराकडे पाठ करून. डोक्यावरून पदर. मळकट हिरवं लुगडं, पाठीचा कणा त्यातून वर आलेला. उजवा हात हलत होता. चेहरा दिसत नव्हता. हर्षाला तो दिसायला नकोच होता.

विंझणा थांबला.

ओरडावं, पळावं, असं काहीच हर्षाच्या अंगात आलं नाही. नखशिखांत शरम तेवढी आली. चोरी करताना पकडलं गेल्यावर येते तशी, कानाच्या पाळ्या तापवणारी. ती घरात शिरलेली होती आणि घरातल्या माणसाने तिची चाहूल घेतली होती. असं तिला वाटलं, आपल्याच घराच्या दारात उभं राहून.

ती आकृती वळली नाही. तिने डावा हात जमिनीला टेकला आणि बसल्या बसल्याच थोडी बाजूला सरकली. एक माणूस बसेल एवढी जागा तिने करून दिली.

विंझणा पुन्हा सुरू झाला.

हर्षा कशी बाहेर आली ते तिला आठवत नाही. पुनमने तिला पिंपळाखाली बसलेली पाहिलं. पाणी दिलं, काही विचारलं नाही.

६

राजदीप दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हर्षाने त्याला आवारात, कडुनिंबाखाली गाठलं आणि सगळं सांगितलं. मनगट धरलं ते, मान हलवली ती, अंगठा दाबला तो. काल दारातून पाहिलं तेही.

सगळं म्हणजे गोळ्या सोडून. गोळ्यांपाशी तिची जीभ आलीच नाही.

राजदीपने एवढंच विचारलं, "मी आवाज देल्ला तवा धरला होता तिनं हात?"

"हो."

"मी 'पाह्य किती मोठं आवार हाय' म्हटलं तवा?"

"हो."

"मले सांगाचं होतं, हर्षा." तो रागावला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "आपण दुसरं पाह्यलं असतं. आजपर्यंत तेच तं करत आलो."

रविवारी दोघं पहाटेच्या गाडीने नागपूरला गेले. इंदुताईंजवळ पुनम बसणार होती. त्या सकाळी गोळी द्यायची नव्हती, म्हणून हर्षाने ते पाकीट पर्समध्ये खोल सारलं. म्हातारीला घेऊन यायचं, मागची खोली तिला द्यायची, जन्मभर सांभाळायचं, असं राजदीपने ठरवलं होतं.

धनराजचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. त्याने दोघांना बसवलं, पाणी दिलं, आणि राजदीपचं बोलणं ऐकून गोंधळला. "अशी कशी नेता, भाऊ? माय हाय ते माली. रजिस्ट्री झाली, तुमचं काम झालं. आता हे काय?" आतून त्याची बायको भांडी जरा जोरात ठेवत होती.

"एकदा आजींनाच विचारू द्या," हर्षा म्हणाली.

गिरजाबाई गॅलरीत जमिनीवर बसली होती. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि त्या भिंतीकडे तिचे डोळे लागलेले. अडीच वाजले होते. धनराज म्हणाला, "आता नाई बोलाची ते. पाच वाजेपर्यंत थांबा लागन."

हर्षा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने म्हातारीचे पाय धरले. "आजी, चुकलं माझं. मी तुम्हाला हो म्हटलं आणि केलं नाही. चला घरी. मागची खोली तुमचीच आहे. चला."

म्हातारी हलली नाही. मग डोळे हळूच भिंतीवरून निघाले आणि हर्षावर येऊन थांबले. त्यांत राग नव्हता. पाहुण्याकडे बघावं तसं थोडं नवल होतं.

"एवढ्या उन्हाची तू इथी काऊन आली वो?" गिरजाबाई म्हणाली. "मी तं घरीच हावो."

धनराज पुढे झाला. "माय? बोलली का तू?"

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. हर्षाकडे वाकून, आईने मुलीला बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "सासूले त्या गोळ्या नोको देऊ दुपारच्या. म्हातारं माणूस हाय. माल्याकडून उठवली नाई जात."

आणि नजर पुन्हा भिंतीवर गेली.

मग राजदीपने विचारलं, अगदी हळू, "दुपारच्या कोणत्या गोळ्या?"

७

परतीच्या गाडीत नागभीड येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. नागभीडला लोक चहाला उतरले तेव्हा त्याने हात पुढे केला. हर्षाने पर्समधून पाकीट काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने उरलेल्या गोळ्यांवरून एकदा अंगठा फिरवला.

"माय होती ते," तो म्हणाला. "माली माय."

त्यानंतर त्या दोघांमध्ये भांडण असं झालंच नाही. तो कामापुरतं बोलतो. जेवायला वाढलं की "पुरे" म्हणतो. घर विकायची भाषा त्याने एकदा काढली. मग स्वतःच म्हणाला, कोणाले विकाचं, काय सांगून विकाचं.

गोळ्या बंद झाल्यावर इंदुताई आठ-दहा दिवसांत सावरल्या. हर्षाने मागच्या दाराचं कुलूप काढून तलावात फेकलं. मग एक दिवस धीर करून ती सासूजवळ बसली आणि तिने त्यांनाही सांगितलं. गोळ्यांचं आधी, कारण ते सांगणं सर्वांत कठीण होतं, आणि मग मनगटाचं, अंगठ्याचं.

इंदुताईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या पांढुरक्या बुबुळांवरून काही कळत नव्हतं.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

"गोळ्यांचं?"

"सगळंच. घराचं तं तिनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. चहा पेता पेता."

"पहिल्याच दिवशी? मग तुम्ही बोलल्या का नाहीत, आई? राजदीपला तरी सांगायचं."

इंदुताईंनी खाटेची दोरी बोटाने चाचपली.

"जेवता जेवता सांगून पाह्यलं एकदा. तू भास म्हटलं. मी म्हटलं, बरं झालं." त्यांनी मान फिरवली. "मले बी घर पायजे होतं ना वो."

८

वैशाखात जनगणनेचे लोक गावात आले. पाळीकडची घरं गावच्याच शाळेतल्या विनोद गुरुजींकडे होती. गळ्यात ओळखपत्र, डोक्याला ओला दुपट्टा, हातात मोबाइल. अकराच्या सुमाराला ते आवारात आले. हर्षाची सुट्टी होती. तिने ओसरीवर खुर्ची टाकली.

गुरुजी पटापट विचारत होते. भिंती कशाच्या, छत कशाचं, नळ आहे का, संडास आहे का. हर्षा सांगत होती, ते बोटाने टेकवत होते. मागच्या खोलीतून बोलण्याचा बारीक आवाज येत होता, हल्ली सकाळपासूनच येतो तसा. शब्द कळत नसत. हर्षाने ते ऐकायचं केव्हाच सोडलं होतं.

"माणसं किती?"

"तीन."

गुरुजींनी टेकवलं. मग दुपट्ट्याने कपाळ पुसून सहज आत मान केली. "पाहुणे हाय वाटते? दोघी जणी बोलून राह्यल्या."

"सासूबाई आहेत," हर्षा म्हणाली.

गुरुजींनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना अजून बरीच घरं करायची होती आणि ऊन चढत होतं. त्यांनी स्क्रीन वर सरकवली.

"घर स्वतःचं, भाड्याचं, का इतर?"

मागच्या खोलीतलं बोलणं थांबलं.

हर्षाने मागे वळून पाहिलं नाही. पण मानेच्या मागच्या बाजूला, केसांच्या मुळाशी, तिला ती शांतता कळली. दोन माणसं कान देऊन बसली आहेत हे जसं न पाहताही कळतं तसं. कपाटात रजिस्ट्रीचे कागद होते. त्यांवर तिचं नाव होतं, राजदीपचं होतं.

"बाई?" गुरुजी म्हणाले. "स्वतःचंच ना? यंदाच घेतलं तुमी. मी टाकू का?"

"नको," हर्षा म्हणाली.

"मग?"

"इतर."

गुरुजींनी मोबाइलवरून डोळे उचलले. "इतर म्हणजे? रजिस्ट्री नाई झाली का?"

"झाली."

"मग इतर कसं?"

"तिथे काही लिहावं लागतं का?"

"नाई. नुसतं टेकवा लागते."

"मग तेवढंच टेकवा, गुरुजी."

गुरुजींनी बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न विचारला, स्वयंपाक गॅसवर का चुलीवर. हर्षाने उत्तर दिलं. त्यापुढच्याचंही दिलं. ते उठले, दारावर खडूने नंबर घातला आणि पुनमच्या घराकडे निघाले.

मागच्या खोलीत अजून कोणी बोलत नव्हतं. हर्षा ओसरीवर तशीच उभी राहिली, आतून हाक येते का, याची वाट बघत.